भिंगऱ्याचे पंचवीस टक्के

खोटं असंल तर माझी नवी कवळी इंद्रायणीत पडू दे! उरलेला जन्म पेज पिऊन काढीन. आता मी सांगणार त्यातला शब्द न् शब्द खरा हाय, उगं डोळे बारीक करून बघू नका. गावात काही जण म्हणत्यात, रतनबाई राईचा डोंगर करती. त्येंना विचारा, भिंगऱ्या बैल पाय आपटत व्हता तवा तुमी कुटं व्हता?

आमचं घर चऱ्होलीत. तीन बाजूंनी बिल्डिंगा उठल्यात. इतक्या उंच, का दुपारी दोनलाच आमच्या अंगणात सांज व्हती आन् कोंबड्या खुराड्यात जाऊन बसत्यात. चौथ्या बाजूला गोठा. गोठ्यात एकच जनावर, भिंगऱ्या.

नाव माझ्या नातीनं ठेवलं, तनुजानं. वासरू व्हता तवापासनं त्येला एका जागी उभं ऱ्हाणं ठावं न्हाई. खुंट्याभवती गरगरायचा, दावं गुंडाळून गुंडाळून नाक खुंट्याला टेकायचं, मंग उलटा फिरायचा. त्येची आई त्येला टाकून मेली, म्हणून माझ्या ल्योकानं, गोरक्षानं, बाटलीनं दूध पाजून वाढवला. असल्या पायांना जगात जागा एकच. घाट.

बिल्डिंगीतली माणसं विचारत्यात, घाट म्हंजी खंडाळा का? न्हाई रं बाबा. बैलगाडा ज्या चढावर पळतो त्यो घाट. आमच्याकडं गाड्याला चार बैल आन् पुढं घोडी. एका वेळी एकच गाडा सोडायचा, घड्याळ लावून. खाली निशाण पडलं का घड्याळ सुरू, वर रेघ ओलांडली का बंद. ज्येचा टाइम कमी त्यो मोठा. गाड्याचे तीन बैल शेजारच्या भीमराजचे, चौथा आमचा. गेल्या साली यात्रंत आमचा गाडा बारा सेकंदात वर गेला. बारा! मला नीट शिंकायला त्याहून जास्त लागत्यात.

आता गोरक्षाचं सांगते. चाकणला कंपनीत सुपरवायझर हाय. पोरगं लाखात एक, पण कंपनीत त्येला टक्क्याची बाधा झाली. चहा केला का म्हणतो, "आई, साखर दहा टक्के कमी टाक." एकदा सुनंला म्हणला, "रोहिणी, आजची भाजी गेल्या शुक्रवारपेक्षा तीस टक्के चांगली झालीय." ती बिचारी आजून गेल्या शुक्रवारी काय केलं व्हतं ते आठवती हाय.

दिवाळीनंतर ही बाधा गोठ्यात शिरली. बैल कामाशिवाय उभा, अंगानं सुटला व्हता. गोरक्षानं त्येच्या पोटाला टेप लावली, मोबाइलात काय काय वाचलं आन् म्हणला, "खुराक पंचवीस टक्के कट."

"कट म्हंजी?"

"कमी, आई. ओव्हरवेट झालाय त्यो."

"तू बी झालायस. तुझं काय कट करू?"

ऐकतोय व्हय? कंपनीत जसं सामान मोजून डब्यात भरत्यात, तसं त्येनं सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, इलेक्ट्रिक काट्यावर पेंड-भरडा तोलायचा आन् रोजची एक अशा पिशव्या भरून तोंड शिवून ठेवायचा. मी निस्ती पिशवी फाडायची आन् गव्हाणीत वतायची. आत किती हाय ते माझ्या हाताला कळायचं कामच ठेवलं न्हाई.

यात्रा जवळ आली तवा एका गुरुवारी सरावाला गाडा पळवला. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी. गाडा सुटला, आन् अर्ध्या चढावर माझा भिंगऱ्या ढिला पडला. बाकीच्या तिघांनी त्येला अक्षी वरातीतल्या दारुड्यागत वढत वर नेला. भीमराजनं मोबाइलातलं घड्याळ बघितलं आन् बघतच ऱ्हायला.

"बोल की रं."

"पंधरा, काकू."

मंग गोरक्ष बोलला. मी वळखलंच, हे त्येच्या मनात पैल्यापासनं घोळत व्हतं.

"आई, बारावरनं पंधरा. टाइम पंचवीस टक्क्यांनी वाढला. मी शिफ्टवर, तुझे गुडघे असे, बैलामागं पळणार कोण? त्येला जुन्नरला आत्याकडं पाठवू. तितं दोन बैल हायती, रान हाय. गोठा पाडून मागच्या खोल्यांतल्या भाडेकरूंच्या गाड्या लावायला जागा करू."

मी म्हणलं, "एका सरावावरनं जनावर घालवतोस? तुझ्या दहावीच्या चाचणीला किती पडले व्हते ते सांगू का भीमराजला?"

"बरं, बरं. यात्रंत बघू. पंचवीस टक्क्यांनी टाइम वाढलाय, पंचवीस टक्क्यांनी कमी करून दाखवला तर ऱ्हाईल. न्हाईतर जुन्नर."

"शब्द?"

"शब्द."

"भीमराज, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं, काकू." आन् त्यो पाटलागत मिशीवरनं हात फिरवायला लागला. मिशी न्हाई त्येला, तरी बी.

त्याच गुरुवारी गोरक्षानं नव्या पिशव्या भरल्या. म्हणला, "खुराक पंचवीस टक्के कमी केला व्हता, आता पंचवीस टक्के वाढवला. हिशेब फिट्ट. आता नाव ठेवायला जागा न्हाई."

मला बी वाटलं, चला, पैल्यासारखं झालं.

पण भिंगऱ्याला वाटंना. पिशवी वतली का त्यो खायचा, गव्हाण चाटून लखलखीत करायचा, आन् मंग पुढचा उजवा पाय आपटायचा. एक, दोन, तीन, असं सात वेळा. आठव्यांदा पाय उचलायचा आन् अर्ध्यातच हवेत धरून ठेवायचा. खाली टेकवंना, वर घेईना. माझ्याकडं बघायचा. मी बघितलं न्हाई असं केलं तर शिंगानं गव्हाण वाजवायचा आन् परत पैल्यापासनं, सात आन् अधांतरी.

मंग बसंचना. दावं खणखण, खुंट्याभवती गरगर. त्येचं बघून माझं बी तसंच झालं. भाकरी थापता थापता उठायची, दारात जायची, परत यायची, तवा भडकलेला. मंदिरात गेले तर देवाम्होरं उभी राहून कान गोठ्याकडं. रोहिणी म्हणली, "आई, जरा टेका की." म्हणलं, "बाई, टेकून बघितलं. जमीनच टेकू देईना."

मी नजर काढली. मीठ-मोहऱ्या, सात सुक्या मिरच्या त्येच्यावरनं ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण ठसका म्हणून न्हाई! बघा, म्हंजी नजर केवढी. नवव्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालताना बैलाकडं टक लावून बघती, तिचीच, अशी माझी खात्री झाली. मी दोन दिवस खालनं तिच्याकडं तशीच टक लावून बघत उभी ऱ्हायले. तिनं कपडे आत वाळवायला सुरुवात केली. भिंगऱ्या मात्र सात आन् अधांतरी.

यात्रा तीन दिवसांवर आली. आता जुन्नर मला स्वप्नात दिसायला लागलं.

त्या दिवशी दुपारी मी चुलीपुढं, आन् तनुजा शाळंतनं येऊन शेजारी वही घेऊन बसलेली. सहावीत हाय. बाईंनी सांगितलं व्हतं, घरातली एखादी वस्तू घ्या, ती किती टक्के घटली, किती टक्के वाढली ते काढा. हिनं भिंगऱ्याचा खुराक घेतला. जरा येळानं नाक वढायचा आवाज.

"काय झालं गं?"

"आजी, माझं गणित चुकतंय."

"मंग पूस."

"किती पुसू? कागद फाटला. आठ किलोतले पंचवीस टक्के काढले, सहा राहिले. सहात पंचवीस टक्के घातले तर परत आठ यायला पाहिजे ना? माझं साडेसातच येतंय."

"साडेसात? अगं, ही तर साडेसाती!"

"आजी, गंमत नको ना करू."

"बरं. किती काढले?"

"दोन."

"मंग दोनच घाल की. कशाला रडतीस?"

"दोन कुठनं घालू? आठाचे पंचवीस टक्के दोन. सहाचे पंचवीस टक्के दीडच होतात."

मी हातातली भाकरी तव्यात टाकली, आन् माझ्या डोक्यात कायतरी टणकन वाजलं. टोपल्यातली एक मोठी भाकरी घेतली, तिचा चतकोर मोडला. तनुजासाठी ल्हान भाकरी केली व्हती, तिचा बी चतकोर मोडला. दोन्ही चतकोर ताटात ठेवले.

"हे काय हाय?"

"चतकोर."

"आन् हे?"

"हा पण चतकोर. पण... हा लहान आहे."

"का ल्हान?"

"लहान भाकरीचा आहे म्हणून." पोरीनं डोळे मोठे केले. "आजी! काढताना मोठ्या भाकरीचा काढला आणि घालताना लहान भाकरीचा घातला! माझं गणित चुकलंच नाहीये!"

आन् तेवढ्यात गोठ्यातनं आवाज आला. ठक, ठक, ठक... दोघींनी मोजलं. सात. आन् मंग काय न्हाई.

तनुजा माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं.

"साडेसात," ती हळूच म्हणली.

मी पिठाच्या हातानं उठले. शिवलेली एक पिशवी काट्यावर ठेवली. लाल आकडे लागले. सात पूर्णांक पाच. ज्या वहीत माझी नात रडत व्हती तेच उत्तर माझा बैल आठवडाभर पायानं लिहीत व्हता, आन् मी त्या नवव्या मजल्याच्या बाईच्या मागं लागलेली!

अर्धा किलो भरडा पदरात घेऊन गेले, गव्हाणीत वतला. खाल्ला त्येनं. चाटलं. पाय आपटला, आठ वेळा, आठवा खालपतूर. मंग चारी पाय दुमडून असा खाली बसला, का बिल्डिंगीच्या काचा हालल्या.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण तनुजा तितंच उभी, नख खात.

"आजी, टाइमचं पण तसंच आहे गं."

"कसं?"

"बाबा म्हणाले बाराचे पंधरा झाले, पंचवीस टक्के वाढ. ते बारातले टक्के. आता पंधरातले पंचवीस टक्के कमी करायचे तर..." ती वाळूत बोटानं लिहायला लागली. "सव्वाअकरा सेकंद येतात. बारा नाही."

"म्हंजी गेल्या सालापेक्षा बी जोरात?"

"हो."

"म्हंजी त्येनं आईला फसवलं?"

"नाही गं. बाबांना माहीतच नाही. त्यांना वाटतंय परत बाराच होणार."

मी मटकन दगडावर बसले. सव्वाअकरा! भिंगऱ्याला पंख लावले तरी जमायचं न्हाई. आन् शब्द तर देऊन बसलेली, भीमराजच्या नसलेल्या मिशीम्होरं. तनुजा म्हणली, बाबांना सरळ सांगू या. म्हणलं, थांब. सरळ सांगितलं तर त्यो म्हणणार, आई, शब्द फिरवू नको. शब्द मोडायचा न्हाई, वाकवायचा.

"पंधराचे बारा व्हायला किती टक्के लागत्यात?"

तिनं वाळूत परत लिहिलं. "तीन कमी झाले. पंधरातले तीन म्हणजे शंभरातले वीस."

"वीस! बास. चल."

चार वाजता कंपनीची बस नाक्यावर येती. आमी दोघी आधीच जाऊन उभ्या. मी उभी म्हंजी काय, इकडनं तिकडं फेऱ्या. बस आली, पोरं उतरली, माझा गोरक्ष उतरला, डबा काखंत.

"आई? काय झालं? बैलाला काय झालं का?"

बघा बरं, तोंडातनं पैला बैल निघाला. मी त्ये ध्यानात ठेवलं.

"बैल बरा हाय. पण गोरक्षा, पंचवीस जमायचं न्हाई रं. म्हातारीकडं बघून पाच कमी कर."

बसमधनं उतरलेली पोरं हसाया लागली. एक म्हणला, "गोरक्षभाऊ, आईनं डिस्काउंट मागितलाय, द्या की राव!"

गोरक्ष लाजला. "आई, हे काय भाजी मार्केट हाय का?"

"वीस टक्के. वीस टक्क्यांनी टाइम कमी झाला तर बैल ऱ्हाईल. बोल, ह्या पोरांम्होरं बोल."

"अगं पण वीस म्हंजी गेल्या सालच्यापेक्षा हळूच पळणार की त्यो!"

"पळू दे. म्हाताऱ्या आईचा म्हातारा बैल."

"त्यो म्हातारा न्हाई, सहा वर्साचा हाय," गोरक्ष पटकन बोलला, आन् मंग हात वर केले. "बरं, वीस. शब्द. चला घरी."

तनुजानं तोंडात पदर कोंबला. पदर माझाच, कारण तिनं फ्रॉक घातलेला.

यात्रा गुरुवारी, गोरक्षाच्या सुट्टीच्या दिवशी. घाटावर ही गर्दी! गुलाल, धुरळा, भेळंच्या गाड्या, वर माइकवाला सारखा आरडतोय. आमचा नंबर काय येईना. एक गाडा सुटायचा, भिर्रर्र म्हणून समदा घाट उठायचा, परत बसायचा. मी उठायची त्ये बसायचीच न्हाई. ट्रॉलीतनं खाली उतरायची, भिंगऱ्याच्या पाठीवर हात फिरवायची, परत चढायची. शेवटी भीमराज वरडला, "काकू, तुमालाच जुपू का गाड्याला? शर्यत जिंकू आपण!"

गोरक्ष बैलापाशी उभा व्हता. भिंगऱ्याच्या कानामागं खाजवत व्हता, बाटलीनं दूध पाजताना खाजवायचा तसं. मी बघितलं आन् तोंड फिरवलं.

नंबर आला. चार बैल जुपले, घोडी पुढं. निशाण पडलं.

मी काय बघितलं ते इचारू नका. धुरळ्याचा एक गोळा वर गेला, त्यात एक शेपूट सरळ आभाळाला लागलेली, ती माझ्या भिंगऱ्याची. चाकं तर जमिनीला लागतच नव्हती. माइकवाल्याची टोपी वाऱ्यानं उडाली. आन् घड्याळवाल्यानं कागद वर दिला, माइकवाला बोलला, "बारा! बारा सेकंद बरोब्बर!"

भीमराज नाचतोय, तनुजा नाचतीय. गोरक्ष तसाच उभा.

"बारा? हे तर गेल्या सालचंच झालं! आई, वीस टक्क्यात बारा कसं? वाढला तवा तर पंचवीस व्हता."

"बाबा," तनुजा म्हणली, "तेव्हा तुम्ही बारातले टक्के काढले होते. आता पंधरातले काढायचे. मोठी भाकरी, मोठा चतकोर."

त्येनं मोबाइल काढला, आकडे टाकले. पुसले. परत टाकले. मंग माझ्याकडं बघितलं.

"आई, तू मला बसपाशी गंडवलंस."

"मी? मी तर फक्त डिस्काउंट मागितला."

"आन् खुराक? खुराक बी मी असाच..."

"अर्धा किलो कमी देत व्हतास. त्यो रोज सांगत व्हता. तुला पायाची भाषा कळंना, त्येला त्यो काय करणार?"

गोरक्षानं मान खाली घातली, मंग हसला, आन् गुलाल घेऊन भिंगऱ्याच्या कपाळावर फासला. गोठा आजून तितंच हाय. भाडेकरू गाड्या रस्त्यावर लावत्यात आन् मला शिव्या घालत्यात. घालू द्या. भिंगऱ्या आता रोज आठ ठोके देतो आन् बसतो, मी बी बसते.

झालं. आता तुमी असं माझ्या कवळीकडं बघू नका. बरं, बरं, सांगते. एक गोष्ट मी पदरची घातली. पायाची न्हाई, पायाची खरी हाय. माइकवाल्याची टोपी बी खरीच उडाली.

बारा सेकंद बरोब्बर नव्हतं. कागदावर बारा पूर्णांक शून्य चार व्हतं. गोरक्षानं मोबाइलवर आकडे टाकले तवा वीस आलंच न्हाई. एकोणीस पूर्णांक त्र्याहत्तर आलं, मी त्येच्या खांद्यावरनं वाचलं. शब्दाप्रमाणं बैल जुन्नरला जायला पायजे व्हता. गोरक्ष त्या आकड्याकडं बघत ऱ्हायला, मंग भिंगऱ्याकडं बघत ऱ्हायला, आन् मोबाइल खिशात घालून म्हणला, "कंपनीत आमी राउंड करतो, आई. वीसच झालं हे."